उंबरमाळची पाहणी

सरपंचाचं धोतर धुवायला किती पाणी लागतं, हे गोजाबाईला विचारावं. दीड घागर. अर्धी भिजवायला, अर्धी चुबकायला आणि अर्धी निळीत बुडवायला. टोपी असेल तर वर आणखी दोन तांबे. आणि उंबरमाळात चैत्र लागला की दीड घागर पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दोन तास उकिडवं बसणं. तळाला खडकाच्या चिरीतून पाणी झिरपायचं, ते वाटीनं खरवडून कळशीत घ्यायचं, कळशी दोरानं वर ओढायची, आणि एवढा जीव काढून हाती काय यायचं, तर चहाच्या रंगाचं तांबडं पाणी. त्यात पांढरं धोतर धुवायचं म्हणे! धुतलं तरी ते पांढरं होत नसे, नुसतं ओलं होत असे.

"आवं, आज जायलाच पायजे का कचेरीत?" गोजाबाई आदल्या दिवशी विचारायची.

"अर्ज कुठवर आलाय बघून येतो," कोंडाजी म्हणायचा. आठ वर्षं हेच उत्तर.

सरपंचकी काय असते, हे ज्याच्या घरात ती शिरते त्यालाच कळतं. बाकीचे नुसते नमस्कार बघतात. उंबरमाळ म्हणजे मोशीच्या वरच्या अंगाला, माळावरचं शंभर उंबऱ्यांचं गाव. इंद्रायणी खाली दीड कोसावर वाहायची, पण वरच्याला तिचा काय उपयोग? स्वातंत्र्यानंतर गावात पंचायत आली तेव्हा दौलतरावाची भावकी आणि उद्धवरावाची भावकी सरपंचकीवरून अशी भिडली की दोन महिने एकमेकांच्या मयतीला माणूस गेला नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, कोंडाजीला करा. चार इयत्ता शिकलाय, सही करतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दोघांनाही वाटलं, हा आपला शिक्का होईल. कोंडाजी शिक्का झाला नाही, आणि त्यानं फार मोठं काही केलं असंही नाही. शाळेची एक भिंत उभी केली, चावडीवर कौलं घातली, चार तंटे बांधावरच मिटवले. आणि गावाला पाण्याची विहीर मिळावी म्हणून अर्ज करत राहिला. एक फेटाळला की दुसरा. जुन्या विहिरीला खाली काळा पाषाण लागला होता. ती खोल जाणार नव्हती. नवी ओढ्याच्या काठाला खणली तर पाणी बारमाही लागेल, असं सगळं गाव म्हणत होतं. खणायला सुरुंग लागणार, सुरुंगाला सरकार लागणार.

तोवर घरचं शेत गोजाबाईनं ओढलं. यंदाही ज्वारीची काढणी तिनं, सुनेनं आणि दोन रोजगारी बायांनी केली. धाटं उपटून उपटून तळहाताची सालं गेली. मुलगा रंगा पिंपरीला जात होता. तिथं सरकारी कारखाना उभा राहिल्यापासून माळावरची निम्मी पोरं सायकली मारत तिकडं जायची. सून शालन सातव्या महिन्यात होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असून ती सासरीच राहिली होती. पोट सांभाळत ती पेंढ्या बांधायची, आणि सासूनं हटकलं तरी घागर डोक्यावर घ्यायचीच.

घागरीचं एक असतं. वीस-पंचवीस वर्षं ती रोज डोक्यावर बसली की टाळूवरचे केस जातात. गोजाबाईच्या टाळूवर रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती. पदर सरकला की ती घाईनं ओढून घ्यायची. शालनचे केस कमरेपर्यंत होते. न्हाऊन ती उन्हात बसली की गोजाबाई त्या केसांकडे बघत राहायची. विहीर पाहिजे होती ती एवढ्यासाठी. गावाचं गाव बघून घेईल, पण या पोरीची टाळू शाबूत राहावी, एवढंच तिला वाटे.

खळ्यावर मळणी चालू होती, तेव्हा कोतवाल चिमाजी धावतच आला. त्याला धाप लागली होती.

"सरपंच, सांगावा हाय! गुरुवारी पुन्याहून सायेब येनार. पान्याची पाहनी करायला!"

कोंडाजीनं हातातली काठी टाकून दिली. बैल आपले फिरत राहिले. त्यानं चिमाजीकडून कागद घेतला, दोनदा वाचला, आणि डोक्याची टोपी काढून कपाळ पुसलं. म्हातारा रडतोय की काय, असं शालनला वाटलं. रडत नव्हता. पण पुढं कितीतरी वेळ त्याला काठी काही सापडली नाही, ती पायाशीच पडली होती.

संध्याकाळी चावडीवर झाडून सगळे जमले. दौलतराव पांढऱ्या मिशांवर बोट फिरवत मधोमध बसला. आठ वर्षांत तो पहिल्यांदाच कोंडाजीशी नीट बोलला.

"कोंडाजीराव, हे तुमी झ्याक केलं. आता सायबाचा पाहुनचार असा झाला पायजे, की त्यानं पुन्यात जाऊन नाव काढावं."

"पाहुनचार करू की," कोंडाजी म्हणाला. "पन दौलतराव, सायेब आपलं दुख्खं बघाय येतोय. कोरडी इहीर दाखवायची, बाया खाली उतरून वाटीनं पानी भरत्यात ते दाखवायचं. मंजुरी आपसूक व्हतीय."

"म्हंजी आलेल्या पाव्हन्याला पाय धुवायला चिखल द्यायचा व्हय?"

सगळी चावडी हसली. कोंडाजी हसला नाही. दौलतरावाला जे आठवत होतं तेच त्यालाही आठवत होतं. तीन वर्षांमागं एक कारकून गावात आला होता. त्याला गोजाबाईनं तांब्या दिला. कारकुनानं आत बघितलं, नाक मुरडलं, आणि तांब्या अंगणात उपडा केला. मग चारी वाटांना बोभाटा झाला, उंबरमाळच्या सरपंचाच्या घरी माणसाला प्यायला पाणी मिळत नाही. त्या साली गावात सोयरीक जमायचे वांधे झाले. पोरगी द्यायची ती पाण्याच्या गावाला, असं लोक तोंडावर म्हणाले.

"गावाची आब्रू हाय," उद्धवराव म्हणाला. आणि दौलतरावानं मान डोलावली. दोन्ही भावक्या एका गोष्टीवर एकमत झाल्या होत्या. एवढा मोठा चमत्कार झाल्यावर कोंडाजी काय बोलणार?

घरी येऊन त्यानं गोजाबाईला सांगितलं, "बुधवारपासनं नदीवरनं गाड्या लावायच्यात. दोन पिपं दौलतरावाची, दोन उद्धवरावाची. बाकी बायांनी डोक्यावर आनायचं."

गोजाबाई भाकरी थापत होती. हात थांबवून ती म्हणाली, "आवं, घसा कोरडा म्हनून सांगायचं आन् अंगनात सडा टाकायचा, आसं कसं?"

"मग काय करू? त्या कारकुनावानी याच्यापुढंबी तांब्या धरू?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. खरं सांगायचं तर तिलाही हायसंच वाटलं. उपड्या झालेल्या त्या तांब्याचा आवाज तिच्या कानातून अजून गेला नव्हता. म्हणजे दोष एकट्या कोंडाजीचा नव्हता, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात असू द्या.

बुधवारी अख्खा गाव पाण्यामागं लागला. नदीच्या काठापासून माळापर्यंत बायांची रांग. उन्हानं पायाखालची माती तव्यासारखी झालेली. गोजाबाईनं चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला चढावर तिच्या मानेत अशी कळ आली की ती घागरीसकट खाली बसली. पण घागर सांडू दिली नाही. गुरुवारी पहाटे पुन्हा दोन. शालनला तिनं घरात कोंडून घातल्यासारखं बसवलं. तर पोरगी बसल्या बसल्या सगळी भांडी चिंचेनं घासून बसली. चावडीपुढं सडा पडला, रांगोळी पडली. तीन रांजण काठोकाठ भरले, वर ओले फडके. घंगाळात साहेबासाठी अंघोळीचं पाणी. दारादारांत पायरी धुतलेली. उंबरमाळ असं दिसत होतं की, जावई यावा तर अशा गावात.

साहेब आला तो वयानं पोरच. चष्मा, सडसडीत, अंगावर खाकी अर्धी चड्डी. मोशीपासून वर येईस्तोवर धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. जीपमधून उतरला तेव्हा शरमल्यासारखा हसला. गोजाबाईला तो लगेच आवडला. तिनं स्वतः त्याच्या पायावर पाणी घातलं. नितळ, गार, भरपूर.

"अंघोळच करा सायेब," दौलतराव म्हणाला. "धूळ किती बसलीया."

"नको नको," साहेब म्हणाला. पण चार जणांनी आग्रह केला, आणि आग्रहापुढं पुण्याचा माणूस किती टिकणार? तो न्हाला. मग पुरणपोळ्या. मग आमटी, मग पानसुपारी. तेवढ्यात बाहेर दौलतरावाच्या भाच्यांनी जीप धुवायला घेतली. आठ घागरी ओतल्या. टायरं काळी तुळतुळीत केली. ड्रायव्हर खूश होऊन बिडी ओढत बसला.

कोंडाजी दाराशी उभा होता. त्यानं जीपखालून वाहत चाललेला ओहोळ बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. पण आता कुणाला काय म्हणायचं? सगळे आपल्याच कामाला आले होते.

"इहीर बघायची ना सायेब?" तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. साहेबाला अजून पुढं एक गाव करायचं होतं. तो विहिरीवर आला, कठड्याला टेकला, खाली वाकला.

तळाला गुडघाभर पाणी होतं. लखलखत होतं.

कोंडाजीनं वाकून बघितलं, आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. नदीच्या पाण्यानं दोन दिवस गावाचं भागलं होतं. दोन दिवस त्या विहिरीत कुणी उतरलं नव्हतं, वाटी लावली नव्हती. मग खडकानं आपलं थेंब थेंब साठवलं. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. इतकी वर्षं त्या विहिरीला दोन दिवस विसावा म्हणून मिळालाच नव्हता, तर ध्यानात येणार कसं?

"पाणी दिसतंय की," साहेब म्हणाला. रागानं नव्हे, बरं वाटून म्हणाला.

"सायेब, हे रोजचं न्हाई. हे आज..." कोंडाजीनं मागं वळून बघितलं. मागं सगळा गाव उभा होता. दौलतराव डोळे वटारून बघत होता. नदीवरून आणून तुम्हाला न्हाऊ घातलं, जीप धुतली, हा सगळा देखावा होता, हे पाहुण्याच्या तोंडावर सांगायचं? जेवलेल्या माणसाला?

"उन्हाळ्यात जरा कमी व्हतं," एवढंच तो म्हणाला.

साहेबानं वहीत काहीतरी टिपलं. जाताना गोजाबाईला हात जोडून म्हणाला, "आईच्या हातचं जेवल्यासारखं वाटलं." गोजाबाईचं मन भरून आलं. जीप धूळ उडवत गेली आणि धुतलेल्या टायरांची दहा पावलांत माती झाली.

पंधरा दिवसांनी लिफाफा आला. कोंडाजी खळ्यावर कडब्याच्या पेंढ्या रचत होता. त्यानं वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. मग पेंढ्यांच्या सावलीला जाऊन बसला. गोजाबाईनं विचारलं तेव्हा नुसता कागद पुढं केला. तिला वाचता येत नव्हतं हे तो पंचवीस वर्षांत पहिल्यांदा विसरला.

"काय लिवलंय?"

"गावात पान्याचा पुरवठा मुबलक हाय. टंचाई आढळली न्हाई. इहीर मंजूर करता येत न्हाई." जरा थांबून तो म्हणाला, "आपली इहीर दुसऱ्या गावाला गेली."

चावडीवर कागद वाचून दाखवायचा हा सरपंचाचा धर्म. कोंडाजीनं वाचला. मुबलक म्हणजे काय, असं एकानं विचारलं, तेही सांगितलं. जीप धुणारे भाचे खाली माना घालून बसले होते. पण माणसाला स्वतःची चूक फार वेळ हातात धरवत नाही.

"सरपंचानं सांगाय पायजे व्हतं तिथंच," दौलतराव म्हणाला. "सायेब सरपंचाला इचारत व्हता, आमाला न्हाई."

"व्हय की," मागून कुणी म्हणालं. "दातखीळ बसली म्हातारबुवाची."

"आट वर्सं फिरून कमावलं काय, तर मुबलक!"

हे ऐकून घेऊन कोंडाजी घरी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दीड घागर पाणी धोतरात गेलं. तो पुण्याला गेला, दिवसभर कचेरीच्या व्हरांड्यात बसला, आणि अंधार पडल्यावर परत आला. पायातल्या वहाणेचा अंगठा तुटला होता. तो सुतळीनं बांधला होता.

"कारकून म्हनला, पुन्ना पाहनी व्हऊ शकती," त्यानं सांगितलं. "पन लिवून द्या म्हनला. गावानं बाहेरनं पानी आनून भरून ठेवलं, पाहनी खोटी झाली, आसं. आन् जो हे करतो त्यानं सरपंच म्हनून ऱ्हाता कामा नये, हेबी म्हनला. सायबाला वरनं बोलनी बसतील, तवा कुनाच्या तरी माथ्यावर ते जायाच पायजे."

"गाव सही करंल?"

कोंडाजी सकाळी घरोघर फिरला. गावानं सही केली नाही. दौलतराव तर उठून उभा राहिला. "गाव खोटं ठरवायचं? कागदावर? उद्या पोरांच्या सोयरिकीला कोन यील? तुमची इहीर तुमाला लखलाभ!" उद्धवराव म्हणाला, त्यापेक्षा एक उन्हाळा काढू. गेली कैक वर्षं तो हेच म्हणत होता, फक्त त्याच्या घरी पाणी गडी भरायचा.

दुपारी कोंडाजी ओसरीवर कागद घेऊन बसला. टाक दौतीत बुडवायचा आणि निब सुकेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचा. गोजाबाई समोर जात्यावर बसली होती. तिचा खांदा दुखत होता. दळण थांबवून ती बघत राहिली. लग्न झालं तेव्हा हा माणूस मोटेवर गाणी म्हणायचा, आणि त्याचं गाणं पल्याडच्या शिवारात जायचं. सरपंच झाल्यापासून गाणं बंद झालं. आधी लाज म्हणून, मग वेळ नाही म्हणून, मग बंदच पडलं.

"माझ्या एकट्याच्या नावानं लिवतो," तो म्हणाला. "पानी मी आनवलं. गावाचा दोस न्हाई. मी सरपंचकी सोडतो. असं."

"लोक म्हनतील, खोटा सरपंच."

"म्हनतील."

"आट वर्सं हाडाची काडं केली तुमी. आन् नाव ऱ्हानार ते ह्ये?"

विहिरीवरून शालनची खेप आली. तिनं कळशी उतरवली, पाठीला हात लावून भिंतीला टेकली, आणि पदरानं टाळू पुसली. गोजाबाईनं ते बघितलं. तिला एकाएकी सगळ्याचा शीण आला. गावाचा, आब्रूचा, कागदांचा.

"लिवा," ती म्हणाली. "लिवून टाका. सरपंचकी गेली तर माझं धोतराचं पानी तरी वाचंल."

कोंडाजीनं लिहिलं. चिमाजीनं कागद पोचवला. आठवड्यात दौलतराव सरपंच झाला, आणि उद्धवरावानं चकार शब्द काढला नाही, कारण खोट्याच्या जागी कुणीही चालणार होतं. पारावर पोरंठोरं कोंडाजीला 'मुबलकराव' म्हणायला लागली. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पहाटे नांगर घेऊन जायचा, तिन्हीसांजेला यायचा. पानाच्या चंचीत सुपारी संपली तरी कुणाकडे मागायचा नाही. माणूस वाकतो कसा, हे गोजाबाईनं त्या महिन्यात बघितलं.

वैशाखात, सांगावा न धाडता, भर दुपारी जीप आली. सडा नाही, रांगोळी नाही. जीप दिसताच दौलतरावानं घराचं दार ओढून घेतलं, तब्येत बरी नाही म्हणून. बाकीचे पुरुष कुणी परड्यात, कुणी शेतात. कोंडाजी नांगरटीला गेलेला.

साहेब तोच होता. बरोबर एक कारकून. या वेळी साहेब हसला नाही. तडक विहिरीवर गेला. खाली चार बाया उकिडव्या बसून वाटीनं पाणी भरत होत्या, पाचवीचा नंबर यायचा होता, ती पायरीवर पेंगत होती. साहेब किती तरी वेळ वाकून बघत राहिला. मग गावातून चालत आला. उघडं दार त्याला एकच दिसलं. त्याच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"मागच्या वेळी इथंच जेवलो होतो ना मी?" तो म्हणाला. "कुठं आहेत सरपंच?"

"आता सरपंच न्हाई त्ये," गोजाबाई म्हणाली. तिनं पदर पुढं ओढला. "रानात हायत."

"तुमच्यामुळं मला किती ऐकून घ्यावं लागलं, माहीत आहे का बाई?" रागावून बोलत होता, पण ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यानं रुमालानं मान पुसली. "पाणी आहे का प्यायला?"

आता बघा. घरात पाणी दोन तऱ्हेचं होतं. एक विहिरीचं, दाराशी माठात. आणि दुसरं आत चुलीमागं, झाकून ठेवलेलं. रंगा रोज पिंपरीच्या कारखान्यातल्या नळाचं पाणी सायकलच्या कॅरिअरवर डबा बांधून आणायचा. ते फक्त शालनसाठी, दिवस भरत आलेल्या बाईसाठी. स्वच्छ पाणी. तांब्याभर दिलं असतं तर शालननं नाही म्हटलं नसतं. ती तर उठलीही होती. तिनं डब्याचं झाकण काढलं होतं.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "ह्ये देऊ?"

गोजाबाई घरात उभी राहिली. एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला माठ, आणि उंबऱ्यावर तहानलेला माणूस. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, सासूनं शिकवलं होतं, आणि कुणी शिकवलं नसतं तरी तिला ठाऊक होतं, की दारात आलेल्याला घरातलं चांगलं ते द्यायचं. त्याच्यापायीच तर सगळं बुडालं होतं.

"झाकून ठेव ते," ती शालनला म्हणाली.

तिनं माठातून तांब्या भरला. तळाचं ढवळून भरला. वरवरचं न घेता, गाळ बसू न देता. आणि बाहेर येऊन, खाली मान घालून, तो साहेबापुढं धरला.

साहेबानं तांब्या घेतला. तोंडापर्यंत नेला. मग थांबला, आत बघितलं. पाण्यात काडी तरंगत होती. वास येत होता. त्यानं गोजाबाईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. कान तापले होते तिचे.

"हेच पिता तुम्ही?"

"व्हय."

"रोज?"

"व्हय."

साहेबानं तांब्या कारकुनाला दाखवला. मग हळू आवाजात म्हणाला, "लिहा. टंचाई तीव्र. ओढ्याकाठी नवी विहीर, शिफारस करावी. पहिला अहवाल रद्द." आणि तांब्या उंबऱ्यावर ठेवला. न पिता. अलगद ठेवला, उपडा केला नाही, एवढंच. हात जोडायचं त्याच्या मनात आलं असावं, पण ते अर्ध्यातच राहिलं. तहानलेला तसाच जीपकडे गेला.

गोजाबाई आत आली. तांब्यातलं पाणी तिनं माठात परत ओतलं, कारण पाणी फेकायचं नसतं. मग ती चुलीपाशी बसली आणि पदर तोंडात धरून रडली. शालन घाबरली. इहीर मंजूर झाली की आत्याबाई, असं म्हणून तिची पाठ चोळत बसली.

तिन्हीसांजेला कोंडाजी आला. बैल बांधले, वैरण टाकली. वाटेत त्याला कळलंच होतं. गावात आता दारं उघडली होती, आणि नव्या सरपंचाच्या ओसरीवर गुलालाची गोष्ट निघाली होती. कोंडाजी गोजाबाईपुढं उकिडवा बसला. त्याच्या पायांना ढेकळांची माती होती.

"शिफारस झाली म्हनं," तो म्हणाला. "तू लई मोठं काम केलंस."

"मोठं काय त्यात?" ती म्हणाली. "उन्हातनं आलेलं पोरगं. व्हट वाळले व्हते त्याचे. घरात चांगलं पानी आस्ताना मी त्याच्याफुडं चिखल धरला. आन् ते तसंच तान्हेलं गेलं."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"इहीर झाली की त्याला बोलवा," गोजाबाई म्हणाली. "एकदाच. नितळ पानी देईन त्याला माज्या हातानं. मग मला काय वाटायचं न्हाई."

कोंडाजीनं पायाची माती नखानं खरवडली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी बोलवून आता कोन यील गं?"